फोटोखालची ओळ जरा बाजूला ठेवावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे वाचकांनी काढलेली ‘गोष्ट सांगणारी’ छायाचित्रे प्रसिद्ध होत आहेत. खेड्यापाड्यांतल्या हौशी छायाचित्रकारांना अशी जागा मिळणे ही फार मोलाची गोष्ट आहे आणि त्याबद्दल आपले मनापासून आभार मानूनच पुढचे लिहितो. या सदरातला प्रत्येक फोटो मी कापून वहीत चिकटवून ठेवला आहे. मात्र प्रत्येक फोटोखाली सहा-सात ओळींचा मजकूर असतो आणि त्यात फोटोतली व्यक्ती कोण, ती कशाने दुःखी आहे, तिच्या आयुष्यात आधी काय घडले आणि पुढे काय होणार, हे सगळे सांगून टाकलेले असते. तो मजकूर वाचून झाला की फोटोकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारण उरत नाही. फोटोने गोष्ट सुचवावी आणि पुढची वाट पाहणाऱ्याने स्वतः चालावी, असे मला वाटते. ती कशी सुचवायची, हे जुन्या सिनेमाने आणि रोलच्या कॅमेऱ्याने मला शिकवले आणि आता माझ्याजवळ येणाऱ्या मुलांना ते शिकवीत आहेत. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी दारव्हा तालुक्यातला निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. लहानपणी बाजाराच्या दिवशी वडिलांसोबत बैलबंडीतून तालुक्याच्या गावी जाणे होई. वडिलांची कामे आटोपेपर्यंत मी टॉकीजच्या दाराशी असलेल्या काचेच्या पेटीपुढे उभा राहत असे. चालू सिनेमाचे दहा-बारा कृष्णधवल फोटो त्या पेटीत टाचण्यांनी लावलेले असत आणि टाचण्यांचा गंज फोटोंच्या कोपऱ्यांत उतरलेला असे. तिकिटाचे पैसे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच मिळत, त्यामुळे माझा बहुतेक सिनेमा त्या पेटीतच झाला. एका फोटोत जिन्यात थबकलेली बाई, दुसऱ्यात मेजावर उघडे पडलेले पत्र, तिसऱ्यात पाठमोरा माणूस आणि त्याच्यापुढे लांबच लांब रस्ता. पत्र कोणाचे, बाई वर चालली होती की खाली उतरत होती, तो माणूस घर सोडून निघाला की घरीच परत येत होता, याचा काहीही खुलासा त्या पेटीत नसे. परत येताना अंधारात बंडीत बसून मी धाकट्या बहिणीला तो न पाहिलेला सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत असे आणि पुढच्या बाजाराला पेटीतल्या फोटोंचा क्रम कोणी बदललेला असला, तर तोच सिनेमा वेगळा होऊन जाई.

हे फोटो सिनेमाच्या रिळातून कापून काढलेले नसत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. सेटवर स्थिरचित्रे काढणारा वेगळा छायाचित्रकार असे. प्रसंगाचे चित्रीकरण झाले की तो नटनटींना पुन्हा उभे करून, त्याच प्रकाशात, आपल्या साध्या कॅमेऱ्याने ते दृश्य टिपत असे. म्हणजे तीन तासांच्या हालत्या गोष्टीतला नेमका कोणता क्षण थांबवला असता मागचेपुढचे सारे त्यात गोळा होईल, हे ओळखणे हेच त्याचे काम होते. या कामाचे मोल किती असते याचा एक दाखला देतो. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राहिली आहेत ती काही स्थिरचित्रे आणि जाहिराती. ज्या चित्रपटाने आपल्याकडच्या पडद्याला वाचा दिली, तो आज केवळ मुक्या फोटोंतून आपल्याशी बोलतो आणि ते फोटो पाहताना आपण त्याची गोष्ट मनात जुळवतोच.

पुढे याच वाटेने जाणाऱ्या काही कलावंतांचे काम पुस्तकांतून पाहायला मिळाले. सिंडी शर्मन या अमेरिकन कलावतीने १९७७ ते १९८० या काळात सत्तरच्या आसपास कृष्णधवल फोटो केले. ते पाहिले की १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या सिनेमांच्या टॉकीजबाहेरच्या पेट्याच डोळ्यांपुढे येतात. प्रत्येक फोटोत त्या स्वतःच वेगवेगळ्या वेषात उभ्या आहेत, परंतु हे सगळे फोटो ज्या सिनेमांचे वाटतात ते सिनेमे कधी निघालेच नाहीत. आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनी १९९६ ते १९९८ या काळात मुंबईत जुन्या हिंदी साहसपटांच्या धाटणीची कृष्णधवल फोटोकथा केली आणि तिच्यात त्या स्वतः नायिका झाल्या. फ्रान्समध्ये ख्रिस मार्कर यांनी तर १९६२ साली उलटाच प्रवास करून दाखवला. त्यांचा ‘ला जेते’ हा सुमारे २८ मिनिटांचा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर फोटोंचा आहे. त्यात झोपलेली एक स्त्री डोळे उघडते, तेवढाच एक क्षण हलतो. तो क्षण मी एका परिचिताच्या घरी संगणकावर पाहिला आणि थक्क झालो. पंधरा-वीस मिनिटे सगळे थांबलेले पाहिल्यावर नुसती पापणी उचलली जाणे ही केवढी मोठी घटना होऊ शकते!

आता आपल्या भागाकडे येतो, कारण हा सगळा विषय मला जिव्हाळ्याचा का वाटतो, याचे मूळ इथे आहे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मोठ्या शहरातून एक छायाचित्रकार आमच्या गावात आले होते. माझे चुलतभाऊ आणि वहिनी त्या दिवशी कापूस वेचत होते. पऱ्हाटी छातीपर्यंत वाढलेली, बोंडे फुटून शेत पांढरे झालेले, वहिनींची ओटी कापसाने भरलेली. त्या छायाचित्रकारांनी भावाला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे केले, कपाळावर हात धरायला सांगितला आणि आभाळाकडे पाहायला लावले. वहिनींना हसू आवरेना, कारण नवऱ्याला असे उभे राहिलेले त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. तेव्हा त्यांना बाजूला व्हायला सांगण्यात आले. मग ते गृहस्थ गुडघ्यावर बसले आणि कॅमेरा इतका खाली घेतला की चौकटीत पांढरे शेत येऊच नये, फक्त माणूस आणि कोरे आभाळ यावे. काही महिन्यांनी एका नियतकालिकात तो फोटो आला. त्याखाली पावसाची वाट पाहणाऱ्या हताश शेतकऱ्याबद्दल चार ओळी होत्या. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस चांगला झाला होता. भावाला त्या दिवशी एकच काळजी होती, ती वेचलेला कापूस घरी नेण्यासाठी शेजाऱ्याची बंडी वेळेवर येते की नाही, याची.

संपादक महोदय, आमच्या भागातले दुःख खोटे आहे असे मी चुकूनही म्हणणार नाही. ज्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेला, अशी घरे माझ्या गावातही आहेत आणि त्या घरांतली मुले माझ्या वर्गात बसून गेली आहेत. पण म्हणूनच त्या दुःखाची एक ठरलेली मुद्रा बनवून ती कोणाच्याही चेहऱ्यावर चिकटवणे मला सहन होत नाही. विदर्भ म्हटले की भेगाळलेली जमीन, कपाळावरचा हात, कोपऱ्यात बसलेली बाई, अशी चित्रे शहरातून निघतानाच ठरलेली असतात. गोष्ट आधीच लिहून आणलेली असते, मग इथे येऊन फक्त माणसे उभी करायची असतात.

यावर कोणी विचारील, आणि माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलेच, की सिंडी शर्मनही वेष करून उभ्याच राहिल्या ना, मग तिथे आणि इथे फरक काय? प्रश्न रास्त आहे. शर्मन आणि पुष्पमाला यांच्या फोटोंपुढे उभे राहणाऱ्याला हे रचलेले आहे, हे पहिल्या नजरेत कळते. ही एका नसलेल्या सिनेमाची चित्रे आहेत, असा त्यांचा उघड करार असतो. माझ्या भावाचा फोटो मात्र रचलेला असून घडलेला म्हणून छापला गेला. दुसरे असे की सिनेमात चौकटीबाहेर काहीतरी ठेवले जाते ते पाहणाऱ्याचे मन तिकडे जावे म्हणून. नायिका चौकटीबाहेर पाहते, तेव्हा ती कोणाकडे पाहते आहे हे शोधायला आपण मनाने तिच्या नजरेमागे जातो. माझ्या वहिनींना चौकटीबाहेर काढले, ते कोणाचेही मन तिकडे जाऊ नये म्हणून. काही न दाखवणे आणि काही लपवणे यांतले हे अंतर मी त्या विद्यार्थिनीला शेतात त्याच धुऱ्यावर नेऊन दाखवले.

निवृत्तीनंतर दर रविवारी माझ्याकडे आठ-दहा मुलेमुली येतात. त्यांच्या हाती मोबाइल आहेत आणि त्यांवर दिवसाला शंभर फोटो निघतात. मी त्यांच्या हाती माझा जुना यशिका एफएक्स-३ हा रोलचा कॅमेरा देतो. त्याचे शटर यांत्रिक आहे, सेल नसला तरी ते चालते आणि आमच्याकडे हे सोयीचे पडते. त्यात ३६ फोटोंचा एकच कृष्णधवल रोल असतो. रोल आता हजार रुपयांच्या आगेमागे मिळतो आणि तोही नागपूर किंवा मुंबईहून मागवावा लागतो, त्यामुळे वर्षातून दोन किंवा तीनच रोल होतात. मुले पहिल्या रविवारी कुरकुर करतात, दुसऱ्या रविवारी बटण दाबण्याआधी थांबू लागतात.

या रोलचे सिनेमाशी रक्ताचे नाते आहे, हे मी त्यांना आवर्जून सांगतो. ऑस्कर बारनॅक यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी सिनेमाची ३५ मिलिमीटर फीत छोट्या कॅमेऱ्यात आडवी बसवली, सिनेमाची चौकट दुप्पट करून २४ गुणिले ३६ मिलिमीटरची केली, आणि १९२५ साली त्यांचा लायका कॅमेरा बाजारात आला. आपल्या रोलच्या दोन्ही कडांना जी चौकोनी भोके असतात ती सिनेमाच्या फितीची आहेत. बोलपट एका सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालतो, म्हणजे आपल्या अख्ख्या रोलमधल्या ३६ चौकटी पडद्यावर दीड सेकंदात संपतील. ज्या गोष्टीला सिनेमा दीडशे मिनिटे घेतो, ती आपल्याला दीड सेकंदाच्या सामानातून उभी करायची आहे. हे ऐकले की मुले गंभीर होतात. मग साहजिकच विचार सुरू होतो, की काय गाळायचे.

जुन्या सिनेमातून घेण्यासारखे सर्वांत मोठे धन प्रकाशाचे आहे. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत ज्यांनी पाहिला आहे, ते तो विसरू शकत नाहीत. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचे ऊन आरशांवरून परतवून तो झोत आत आणला होता. पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि हा मान मिळालेले ते पहिलेच छायालेखक ठरले. ही हकिकत सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्या घरी तं असा झोत रोजच येते.” त्याचे घर कवेलूचे, म्हणजे कौलारू आहे. एक कवेलू सरकले आहे आणि सकाळी दहाच्या सुमारास तिथून ऊन थेट माजघरात उतरते. आम्ही सगळे तिथे गेलो. कवडसा होता, पण हवेतला झोत दिसत नव्हता, जमिनीवर फक्त पांढरा डाग पडला होता. त्याच्या आजीने चुलीत दोन ओल्या काटक्या घातल्या. धूर वर चढला आणि उन्हाचा तो सरळ खांब माजघरात उभा राहिला. मग अंगणात एका मुलीने कपाटाचा सुटा आरसा धरला आणि त्याचे ऊन दारातून आत टाकले, तेव्हा अंधाऱ्या कोपऱ्यातल्या उतरंडीच्या कडा उजळल्या. आरसा धरणाऱ्या मुलीचे हात थरथरत होते, म्हणून भिंतीवरचा उजेडही थरथरत होता, आणि शटरचा वेग कमी असल्याने ती थरथर त्या फोटोत हलकीशी उतरली आहे. मला तो फोटो तसाच प्रिय आहे.

दुपारच्या वेळी मात्र आमच्याकडचे ऊन माणसाच्या चेहऱ्याला फार निष्ठुर असते, डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा येतात. त्यावर छायालेखक सुब्रत मित्र यांचा उपाय आम्ही वापरतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजित’ (१९५६) साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते आणि तिथे उघड्या आभाळाचा मऊ, सावली न पाडणारा प्रकाश हवा होता. मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परतवला. आम्ही अंगणात दोन बल्ल्यांना पांढरे धोतर बांधतो. आमचे धोतर ऊन परतवीत नाही, गाळते, पण त्याखाली बसलेल्या माणसाचा चेहरा तसाच शांत दिसतो आणि कोणाला मुद्दाम दुःखी किंवा आनंदी दाखवण्याची गरज राहत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हे जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या सिनेमातून घेतले. चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ते कॅमेरा ठेवीत आणि दोन प्रसंगांच्या मध्ये माणसे नसलेली दृश्ये घालीत, कधी वाळत घातलेले कपडे, कधी रिकामी ओसरी. आमच्या घरांतही सारे व्यवहार जमिनीलगत होतात. उभ्याने काढलेल्या फोटोत जेवणारा माणूस नेहमी केविलवाणा दिसतो, तोच कॅमेरा पाटावर ठेवला की तो आपल्या पंक्तीला बसलेला वाटतो. मोठ्या शहरातून येणाऱ्यांनी एवढे एक जरी केले, तरी आमच्या माणसांचे फोटो पुष्कळ बदलतील, असे मला मनापासून वाटते.

आणि क्रम. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या दृश्यांशेजारी जोडून दाखवला होता. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. आम्ही हा प्रयोग माझ्या त्याच चुलतभावाच्या चेहऱ्यावर केला. त्यांचा साधा, समोर पाहणारा फोटो एकदा कापसाच्या ढिगाशेजारी ठेवला, एकदा रिकाम्या गोठ्याशेजारी, एकदा हसणाऱ्या वहिनींच्या फोटोशेजारी. भाऊ स्वतः तिसऱ्या जोडीपुढे बराच वेळ उभे राहिले.

या सगळ्या तयारीतून मुलांनी मागच्या हिवाळ्यात आठ फोटोंची एक मालिका केली. जागा निवडली ती शकुंतला या आमच्या भागातल्या जुन्या आगगाडीची. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रुळांवर १९९४ च्या एप्रिलपर्यंत १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन धावत होते. त्याची शिट्टी ऐकून शेतातल्या बायका दुपारच्या न्याहारीची गाठोडी सोडत, हे मी स्वतः पाहिले आहे. पुढे डिझेल आले, नंतर गाडीच बंद झाली. रूळ अजून दिसतात अशा एका ओसाड थांब्यावर आम्ही गेलो. पहिल्या फोटोत फक्त रूळ आहेत, त्यांच्यामध्ये गाजरगवत वाढलेले. दुसऱ्यात सिमेंटच्या बाकावर लोखंडी पेटी आणि फडक्यात बांधलेला डबा. तिसऱ्यात एक बाई पाठमोरी उभी, रूळ जिथे वळतात तिकडे तोंड, हातात मिटलेली काळी छत्री. ही एका मुलाची मावशी. तिला आम्ही एवढेच सांगितले होते, की तुम्हाला वाटेल तितका वेळ तिकडे पाहा. तिने पदर डोक्यावरून घेतला, उजव्या पायावरचा भार डाव्यावर नेला, आणि त्या क्षणी एका मुलीने बटण दाबले. बाईची डावी टाच पायताणातून किंचित वर आली आहे. निघणार आहे की थांबणार आहे, हे त्या टाचेवरून ठरत नाही आणि संपूर्ण मालिका माझ्या मते त्या टाचेवर उभी आहे.

ही मालिका आधी एकदा मे महिन्यात करून पाहिली होती, तेव्हा रोल धुताना बिघडला. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, २० अंशांवर ठेवावे लागते, आणि आमच्याकडे मे महिन्यात सायंकाळी टाकीचे पाणीसुद्धा हात भाजेल असे असते. कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून डेव्हलपर थंड केला, चित्र पक्के करणारा हायपोही थंड केला, पण शेवटची धुलाई घाईत टाकीच्या पाण्याने झाली. एकदम गार आणि एकदम ऊन अशा पाण्यांत फिल्मवरचा थर आकसला आणि उजेडात धरून पाहिले तर प्रत्येक निगेटिव्हवर बारीक भेगांचे जाळे होते, अगदी उन्हाळ्यात आमची काळी माती फाटते तसे. मुलांच्या डोळ्यांत पाणी आले. ती चूक माझी होती. तेव्हापासून धुलाईचे पाणीही आदल्या रात्रीच माठांत भरून ठेवतो. हिवाळ्यात सारे पुन्हा केले, आणि मावशी दुसऱ्यांदा तितक्याच निष्ठेने येऊन उभ्या राहिल्या.

ते आठ प्रिंट आम्ही गावातल्या पारावर दोरीला चिमट्यांनी लावले. खाली एकही ओळ लिहिली नाही, फक्त वर एका पाटीवर लिहिले, की ही एका न निघालेल्या सिनेमाची चित्रे आहेत. लोक थांबले. एका म्हातारीने सांगितले, की ही बाई भांडून माहेरी निघाली आहे. दुसरी म्हणाली, माहेरी निघालेली बाई डबा बांधून घेत नाही, ही पोराकडे चालली. दोघींचे बराच वेळ जुंपले. एका लहान मुलीने विचारले, “थे बाई कोनाची वाट पाहून रायली जी?” तेव्हा पूर्वी याच रुळांवर मजुरी केलेले एक आजोबा तिसऱ्या फोटोला नाक लागेल इतके जवळ गेले आणि म्हणाले, “थे गाडीची वाट नाही पाहून रायली बाई. गाडी येत नाही, हे पाहाले आली थे.” आम्हाला कोणालाच हे सुचले नव्हते. खाली ओळ लिहिली असती, तर त्या आजोबांनी ती वाचली असती आणि ते पुढे गेले असते.

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. आपल्या सदरात जे फोटो घडलेले म्हणून येतात, त्यांच्याखाली गाव, महिना आणि काढणाऱ्याचे नाव एवढेच असावे. जे फोटो रचलेले आहेत, त्यांच्यावर तसे स्पष्ट लिहावे आणि खालची जागा कोरी सोडावी. त्या कोऱ्या जागेत वाचक आपली गोष्ट लिहून पाठवतील, त्यांतल्या दोन-तीन पुढच्या रविवारी छापता येतील, आणि एकाच फोटोच्या तीन गोष्टी वाचताना लोकांना त्या फोटोकडे तीनदा पाहावे लागेल. दुसरी विनंती अशी, की विदर्भातल्या शेतकऱ्याचा फोटो छापताना तो शहरातून आलेल्या माणसाने काढला असेल, तर फोटोतल्या माणसाला तो आधी दाखवला होता का, एवढे एकदा विचारावे.

सोबतच्या पाकिटात मुलांच्या मालिकेचे आठही प्रिंट पाठवीत आहे. मावशींची आणि मुलांच्या पालकांची संमती घेतलेली आहे. प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घातला आहे, तो बदलू नये. जागा अपुरी पडली तर पाचवा, पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटाचा फोटो गाळला तरी चालेल. तिसरा आणि आठवा मात्र एकाच पानावर यावेत. तिसऱ्यात बाईच्या हातातली छत्री कोरडी आणि मिटलेली आहे, आणि आठव्यात तीच छत्री एका अंगणात उघडून वाळत ठेवली आहे, तिच्या काड्यांवरून पाणी गळते आहे. आठव्याच्या छपाईत काळा रंग फार गडद झाला तर ते थेंब दिसणार नाहीत, तेवढे कृपया पाहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ